जुनी पोर्शे ९४४ तापली की बंद पडते. पेट्रोल पंप बदलू की रिले?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: टेक्सासमध्ये १९८४ ची ९४४. भर दुपारी वीसेक मिनिटं चालली की मध्येच गप्प होते. सेल मारला तर फिरतो, पण इंजिन उचलत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. तुम्ही विचारताय, आधी रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बदलून पाहू का?

पाहा, पण बदलण्याआधी तपासा. मी स्टुटगार्टला असतो, माझीही ९४४ आहे आणि मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं. नेमकं हेच दुखणं घेऊन गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी पंप बदलला, साडेचारशे युरो घेतले. तीन आठवड्यांनी जुलैच्या उन्हात, ए-८१ वर वाइन्सबर्गच्या जरा अलीकडे गाडी पुन्हा बंद. म्हणजे जिथे ती जन्मली त्या नेकार्सुल्मच्या अगदी वेशीवर. मदतीला आलेल्या पिवळ्या गाडीतल्या काकांनी माझी हकिगत पुरती ऐकूनही घेतली नाही. डॅशखाली हात घातला, एका रिलेवर पेचकसच्या मुठीने दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, लावा किल्ली. सुरू!

तुमच्या बाबतीत तेच असेल असं टिचकीच्या जोरावर मी म्हणणार नाही. त्याआधी एक इशारा. बंद पडल्यावर सेल नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर लगेच थांबा. तो टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) तुटल्याचा आवाज असू शकतो. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि सेल मारत राहिलात तर उरलेसुरले व्हॉल्व्हही वाकतील. तुमची गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते म्हणजे बेल्ट शाबूत आहे. पण तो शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल, तर रिलेच्या आधी त्याचं बघा.

आता रिले. याला सगळे डीएमई रिले म्हणतात. डीएमई म्हणजे बॉशच्या मोट्रॉनिक यंत्रणेचा कॉम्प्युटर. नावाला एक रिले, पण त्या डबीत दोन राहतात. पहिला किल्ली फिरवली की कॉम्प्युटरला आणि इंजेक्टरना वीज देतो. दुसरा पेट्रोल पंपाला देतो, पण कॉम्प्युटरच्या हुकमावर: इंजिन फिरतंय असं त्याला कळलं तरच. अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबावा, म्हणून ही सोय.

बिघाड बहुतेक वेळा आतल्या सर्किट बोर्डाच्या डागांत, म्हणजे सोल्डरच्या जोडांत, असतो. रिलेचे जाड पाय बोर्डाला डाग देऊन जोडलेले असतात. चाळीस वर्षं तापणं, निवणं, हादरे. पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. थंड असताना दोन्ही कडा टेकलेल्या असतात, तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि त्या सुटतात. पुन्हा निवलं की पुन्हा टेकतात. तुमची अर्ध्या तासाची जादू हीच. गॅरेजमध्ये, सकाळी, थंड गाडीवर सगळं ठीकच दिसणार. मेकॅनिकची त्यात चूक नाही. म्हणून पुढच्या चाचण्या गाडी बंद पडलेली असतानाच करायच्या, रस्त्याच्या कडेला, घाम पुसत.

पहिली फुकटची आहे. सेल मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडा उड्या मारत असेल तर कॉम्प्युटर जागा आहे आणि इंजिन फिरतंय हे त्याला दिसतंय. मग संशय पंपाच्या बाजूवर, म्हणजे रिलेच्या दुसऱ्या भागावर किंवा खुद्द पंपावर. काटा मेल्यासारखा पडून असेल तर एक तर रिलेचा पहिला भाग गेलाय, नाही तर इंजिनाच्या मागे क्लचच्या घुमटीवर बसवलेल्या, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या दोन सेन्सरपैकी एक. हे सेन्सरही तापल्यावरच दगा देतात, त्यामुळे लोक फसतात. फरक कळायला किल्ली ऑनवर ठेवून एका इंजेक्टरच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला नाही तर आधी रिले. लागला आणि तरी काटा मेलेला, तर सेन्सर. सेन्सरचा रोध मीटरवर साधारण ६०० ते १६०० ओहममध्ये यायला हवा.

दुसरी चाचणी पंपाची, आणि तुमचे पैसे वाचवणारी हीच. किल्ली बंद करा, रिले सरळ ओढून काढा. पायांचे नंबर त्याच्या बुडाशी छापलेले असतात. सॉकेटमध्ये ३० आणि ८७ब या दोन घरांना फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडा. गाडीच्या मागच्या बाजूने घुर्रर्र ऐकू आलं तर पंप आणि त्याची वायर ठीक आहे. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत हे ऐकू आलं, तर पंप बदलू नका.

३०, ८७ आणि ८७ब तिन्ही एकत्र जोडले तर रिलेशिवाय गाडी चालते, आणि घरी पोहोचायला मीही एकदा तसं केलंय. पण ३० ला थेट बॅटरीची वीज असते. किल्ली काढून खिशात टाकलीत तरी पंप चालूच राहतो, आणि धडक बसली तरीही चालूच राहतो. हा उपाय घरी पोहोचण्यापुरता. गाडी उभी केली की वायर आधी काढायची.

रिलेच निघाला तर बदलणं दोन मिनिटांचं काम. तुमच्या मॉडेलला तो ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखालच्या रिले पॅनेलवर आहे. बॅटरीची मायनस तार सुटी करा, जुना रिले हलवत हलवत सरळ खेचा, पेचकसने उचकटू नका. नवा दाबण्याआधी सॉकेटमध्ये टॉर्च मारा. घरं सैल झालीत, हिरवट झालीत किंवा प्लास्टिक तपकिरी पडलंय का? तसं असेल तर नवा रिलेही तिथे तापून मरेल. आधी घरं साफ करा, आवळा. हल्ली मिळणाऱ्या बदली रिलेचा नंबर ९९३.६१५.२२७.००. नाव नसलेला स्वस्त माल घेऊ नका. पुन्हा हायवेवर उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

जुना मात्र फेकू नका. डबी बाजूंनी अलगद सोडवा आणि भिंगातून पायांभोवती बघा. माझ्या रिलेला दोन चिरा होत्या, एक नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती. जुनं शिसं ओढून घेतलं, फ्लक्स लावला, नवा डाग दिला. हे शिक्षण पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेल्या सोल्डरगनवर, शाळेत असताना रेडिओ बिघडवत झालेलं. जर्मनीत उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. कॉन्टॅक्टच जळून खड्डे पडलेले असतील तर डाग देऊन उपयोग नाही. आणि नुसतं मीटर लावून बारा व्होल्ट दिसले म्हणून रिले चांगला समजू नका: भार नसताना केसाएवढी जोडणीही बारा व्होल्ट दाखवते. पंप चालू असताना ३० आणि ८७ब यांच्यातली व्होल्टेजची घट मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसली तर त्याला निवृत्त करा.

डाग दिलेला रिले आणि ती फ्यूजवाली वायर आता माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एका जुन्या मोज्यात असतात. काढलेला पंप तळघरात आहे. मागच्या हिवाळ्यात बॅटरीला जोडून पाहिला. उत्तम चालतो.