चोपड्याकडचं जुनं घर उतरवतोय. भंगारवाला सिमेंटचे पत्रे घेत नाही, त्यांचं काय करावं?

भंगारवाल्याचं चुकत नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असतं, बाकी सिमेंट. त्यातून त्याला काही सुटत नाही.

आधी बाकीचा माल उरकून घ्या. टिनपत्रे किलोवर जातात, पण सडलेले नसतील तर भंगारात घालू नका. गोठ्याला, कांदाचाळीला लागतात. कौलं बोटाने वाजवून पाहा. टणकन वाजलं ते ठेवा, बद्द वाजलं ते तडकलेलं. एखाद्या खोलीला धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर खरा पैसा त्याखालच्या सागाच्या कड्यांत, म्हणजे आडव्या लाकडांत आहे. ‘पाडायची मजुरी नको, लाकूड आम्ही नेतो’ असं ठेकेदार म्हणाला, तर हिशेब केल्याशिवाय मान डोलवू नका.

आता सिमेंटचे पत्रे. वाड्यात चिखल होतो म्हणून त्यांचे तुकडे अंथरायची आपल्याकडे भारी खोड. ट्रॅक्टरचं चाक फिरून फिरून त्यांचं पीठ होतं आणि उन्हाळ्यात तेच नाकातोंडात जातं. पत्रा धड आहे तोवर फारसा त्रास नाही; फोडला, कापला, ड्रिल मारलं की ॲस्बेस्टॉसचे तंतू सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी उठतो, त्यामुळे ‘मला तर काही झालं नाही’ हे मिस्तरीचं बोलणं कामाचं नाही.

उतरवताना घण नको. गंजलेले हुक कटरने तोडा. पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकून पत्रा भिजवा. एप्रिलच्या उन्हात पाणी टिकत नाही, म्हणून सगळं छप्पर एकदम भिजवू नका. एक भिजवा, उतरवा, मग दुसरा. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क घ्या.

धड पत्रे जुन्याच भोकांत हुक घालून चाऱ्याच्या शेडवर चालतील. तुटके मात्र ओले असतानाच जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा आणि जळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉस येतं, त्यासाठी पुण्याकडे रांजणगाव, मुंबईकडे तळोजा इथे केंद्रं आहेत. चार तुकड्यांसाठी कुणी गाडी पाठवणार नाही हे खरं. गावातल्या दोन-चार घरांचे मिळून विचारलं तर बोलणं होतं. नाल्यात तेवढे टाकू नका. आणि त्या दिवसाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.