पाच महिन्यांच्या मुलीच्या बापाला

चि. बाळाच्या बाबास, अनेक आशीर्वाद.

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "काकू, पाच महिने झाले, अजून चारदा उठते. शेजारच्यांची रात्रभर झोपते. आमचं काय चुकतंय?" फोनवर दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून कागद घेतला. बालरोग वॉर्डात तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यामुळे झोपमोड झालेल्या माणसाला काय म्हणायचं नसतं एवढं तरी मला कळतं. "होईल सगळं नीट" असं म्हणणार नाही.

आधी शेजारच्या मुलीचं बघू. 1970च्या दशकात अमेरिकेत थॉमस अँडर्स नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या पाळण्यावर रात्रभर कॅमेरा लावला. आईवडील ज्यांना 'रात्रभर झोपणारी' म्हणत होते, ती मुलंही मधूनमधून जागी होत होती. फक्त रडत नव्हती. इकडेतिकडे बघायची, हात चोखायची आणि परत झोपायची. घरच्यांना पत्ताच नाही. 2018 साली कॅनडातल्या 388 मुलांचा अभ्यास छापून आला. त्यात सहा महिन्यांची सुमारे 38 टक्के मुलं सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि त्यांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही. मग शेजारी खोटं बोलतात का? नाही रे. पण 'झोपते' म्हणजे 'आम्हाला उठवत नाही', एवढंच ते सांगताहेत.

तेव्हा मुलीची जाग बंद करायच्या मागे लागू नकोस. ती येणारच. झोपेचं एक आवर्तन आपल्याला दीड तासाचं असतं, तिला साधारण तासाभराचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ती वर येते. तिथून परत खाली जायची वाट तिला एकटीला सापडते का, प्रश्न एवढाच आहे.

ती वाट तुम्ही रोज रात्री आठ वाजता दाखवता. आजी, म्हणजे तुझी आई, झोळीला झोके देते, अंगाई म्हणते, मुलगी झोळीतच गाढ झोपते, मग दोघं मिळून तिला अलगद गादीवर ठेवता. हो ना? आता कल्पना कर. तू पलंगावर झोपलास आणि मध्यरात्री डोळे उघडले तर गच्चीवर आहेस. तूही बोंब मारशील. एक वाजता ती झोळी मागते, कारण झोप म्हणजे झोळी असंच तिला ठाऊक आहे. दूध पितापिता झोपणाऱ्या मुलांचंही तेच होतं. ती दर वेळी भुकेलेली असतात असं नाही.

म्हणून पूर्ण झोपायच्या आधी खाली ठेवायचं. डोळे जड झालेत, मुठी सैल झाल्यात, पण अजून जागी आहे, त्या वेळी. पहिले तीन-चार दिवस रडेल. छातीवर हात ठेव, हळू थोपट, हवं तर उचल, शांत झाली की परत ठेव. रात्रीत फक्त पहिल्या झोपेला एवढं केलंस तरी पुरे. दीडला आणि चारला जाग आली तर अजून पूर्वीसारखंच कर. सगळ्या आघाड्या एकदम उघडल्या की माणूस तिसऱ्या रात्री हरतो.

आणि थांबायला शीक. तान्ह्यांच्या झोपेचा मोठा भाग चुळबुळीचा असतो. कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात, पाय झाडतात, डोळेही किलकिले करतात, आणि असतात मात्र झोपेत. वॉर्डात नवीन मुली ड्युटीवर आल्या की पहिल्या आवाजाला धावायच्या आणि झोपलेलं मूल उचलून जागं करायच्या. मी त्यांना मनात शंभर आकडे मोजायला लावायची. तूही मोज. खरं रडणं असेल तर शंभराच्या आत कळतंच.

तुला तो दारं लावून रडू देण्याचा प्रकार व्हिडिओत दिसला असेल. ठरवून, वेळ मोजून, टप्प्याटप्प्याने केला तर सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना त्याने अपाय होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी तुझ्या घरात तो करू नकोस, कारण आजी. विसाव्या मिनिटाला ती आत शिरून उचलणारच, आणि मुलगी एवढंच शिकेल की वीस मिनिटं रडलं की काम होतं. अर्धवट केलेलं हे प्रकरण न केलेल्यापेक्षा वाईट.

दिवसाचा हिशेबही मांड. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दुपारच्या झोपा धरून, 12 ते 16 तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सकाळी दहाला तेल, कढत पाणी, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून खिडक्या बंद. मूल तीन तास गाढ. घरभर कौतुक, "न्हाऊ घातलं की कशी शहाण्यासारखी झोपते!" अरे, दिवसाची सगळ्यात लांब झोप आपण भर सकाळी उरकून टाकतो. आंघोळ सकाळीच राहू दे, आजीचा तो मान आहे. पण दिवसा पडदे उघडे ठेव, घरातले आवाज चालू दे, दोन तासांपेक्षा जास्त झोपली तर हळूच उठव. संध्याकाळी दिवे मंद, ओल्या फडक्याने अंग पुसणं, पायांना थोडं तेल, कपडे बदलणं, दूध, एक गाणं, रोज त्याच क्रमाने. ओवा-शेपाची धुरी मात्र बंद. त्या धुराने तिची छाती भरते, बाकी काही होत नाही. आणि ती कुशीवर वळायला लागली असेल तर घट्ट गुंडाळणंही आजपासून बंद.

आता जायफळाचं. तुझ्या आईने विचारलं असेलच. माझ्या थोरल्याच्या वेळी मी रात्रपाळीला जायची, आणि घरी त्याला जायफळ उगाळून चाटवत. मला माहीत होतं. नर्स असूनही गप्प राहिले, कारण मलाही झोप हवी होती. एक दिवस तो दुपारी बारापर्यंत उठेना, पायाला टिचक्या मारल्या तरी नुसता कण्हला. त्या दुपारी मला जे वाटलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये. जायफळ जास्त झालं तर विषच आहे, आणि सहाणेवर 'जास्त' कुठे सुरू होतं ते कुणालाच कळत नाही. मुलाला गुंगी देऊन झोपवायची ही गरज जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची गोळी देऊन कामावर जायच्या, ब्रिटिश काळातल्या अहवालांत ते नोंदलेलं आहे. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. त्यांना रजा नव्हती. तुझ्या बायकोला 26 आठवड्यांची आहे, आणि पुढच्या महिन्यात ती संपतेय म्हणून तुम्ही दोघं घाबरलात, हे मला मेसेजमध्ये न लिहिताही दिसलं. मध एक वर्षापर्यंत नाही. झोपेसाठी सर्दीचं औषध तर कधीच नाही. रात्री पोटभर म्हणून नाचणीची पेज आताच सुरू करू नका, सहा महिने होऊ देत.

झोपवायचं पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, तुमच्याच खोलीत. मोहरीची उशी काढा, जाड गोधडी काढा. आणि तू दमून तिला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढतोस, तुझ्या आईने फोटो पाठवला होता मला. फार गोड आहे फोटो. परत करू नकोस, सोफ्याच्या फटीत मुलं गुदमरतात.

पाचव्या महिन्यात रात्री एक-दोनदा दूध लागणं रास्त आहे, ते तोडू नका. बाकी वेळा जाग आली की पाळी तुझी. बायको नऊला झोपू दे, दीडपर्यंत मुलगी तुझी. आईचा वास आला की ती दूध मागते, तुझ्याकडे ते नाहीच, त्यामुळे सौदा लवकर मिटतो.

ताप असेल, वजन वाढत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, झोपेत घोरत किंवा श्वास अडखळत असेल, तर माझं पत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि मुलगी झोपली असतानाही बायकोला झोप येत नसेल, उगाच रडू येत असेल, तर त्याला 'बाळंतपणाचा थकवा' म्हणून टाळू नकोस. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

झोळीचा हूक लगेच उपटू नकोस, आजीच्या मनाला लागेल. दुपारची एक झोप झोळीतच होऊ दे, कुणीतरी शेजारी बसून. रात्रीची तेवढी गादीवर. आईला हे तू सांगू नकोस, मी रविवारी येऊन सांगते. माझ्यासाठी भाकरी करायला सांग.

तुझी,
काकू