ब्रेट फार्वचं मार्चमधलं 'नाही' आणि जुलैतलं 'हो'

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकन फुटबॉलपटू ब्रेट फार्वने पुन्हा पुन्हा निवृत्ती जाहीर करून लोकांना झुलवत ठेवलं का? आणि सोळा सीझन दिलेल्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) त्याच्याच ग्रीन बे पॅकर्स संघाने २००८ मध्ये परत घेतलं नाही, हा कृतघ्नपणा नव्हता का? माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे.

आधी एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, वेळापत्रक पाहा. सामने सप्टेंबरात सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत अंग पिळून निघतं. मार्चमध्ये करारमुक्त खेळाडूंची बोलणी असतात, तर एप्रिलअखेर ड्राफ्टमध्ये कॉलेजची मुलं निवडली जातात. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असल्यामुळे क्वार्टरबॅक कोण हे ठरल्याशिवाय बाकीचं गणित बसत नाही. त्यामुळे संघाला उत्तर फेब्रुवारी-मार्चमध्येच हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच खेळाडू मनाने आणि शरीराने रिकामा झालेला असतो. जुलैअखेर कॅम्प सुरू होईपर्यंत दुखणी भरून आलेली असतात. फार्व मार्चमध्ये मनापासून 'पुरे' म्हणायचा आणि जुलैत तितक्याच मनापासून 'खेळतो' म्हणायचा. ही दोन उत्तरं त्याने एकाच उन्हाळ्यात दिली म्हणून तो खोटा ठरत नाही.

२००८ सालचंच बघा. २० जानेवारीला लॅम्बो फील्ड या घरच्या मैदानावर उणे अठरा अंश सेल्सियसच्या थंडीत पॅकर्स न्यूयॉर्क जायंट्सकडून २३-२० असे जादा वेळेत हरले. फार्वचा शेवटचा पास जायंट्सच्या कोरी वेब्स्टरने पकडला. ६ मार्चच्या पत्रकार परिषदेत फार्व रडला. खेळता अजून येईल, पण खेळावंसं वाटत नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. माझ्या मते सगळं कोडं इथेच आहे. रविवारच्या तीन तासांसाठी क्वार्टरबॅकला आठवडाभर प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहाव्या लागतात आणि डावपेच पाठ करावे लागतात. चाळिशीकडे झुकताना हात चालतो, पण ही तयारी नकोशी होते. जुलैत तो मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गच्या ओक ग्रोव्ह हायस्कूलच्या पोरांबरोबर चेंडू फेकू लागला. तिथे ना चित्रफिती, ना बैठका, नुसता खेळ. मग कोणाला वाटणार नाही की आपण अजून आहोत?

आपल्याकडे निदान पायऱ्या असतात. सचिनने डिसेंबर २०१२ मध्ये एकदिवसीय सामने सोडले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर कसोटीतून निरोप घेतला. क्वार्टरबॅकला असं थोडं थोडं सोडता येत नाही. त्यात फार्वने सप्टेंबर १९९२ पासून नियमित सीझनचा एकही सामना चुकवला नव्हता. डिसेंबर २००३ मध्ये वडील अचानक गेले. दुसऱ्याच दिवशी तो ओकलंडमध्ये मैदानात उतरला आणि ३९९ यार्ड व चार टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात) फेकले. दुःखातही ज्याला जायला मैदानच सुचतं, त्याला 'आता घरी बस' हे कसं पटावं?

आता पॅकर्सची बाजू. तरुण क्वार्टरबॅक आरन रॉजर्सला त्यांनी २००५ च्या ड्राफ्टमध्ये चोविसाव्या क्रमांकावर घेतलं होतं. पोराने तीन वर्षं बाकावर काढली, तीही दर उन्हाळ्यात फार्व येणार की नाही याची वाट बघत. पॅकर्सनी नंतर सांगितल्याप्रमाणे मार्चअखेर फार्वचं मन पुन्हा वळलं होतं आणि ते त्याला घ्यायला मिसिसिपीला जायच्या तयारीत होते. मग त्यानेच नको म्हटलं. त्यानंतर संघाने रॉजर्सला शब्द दिला. जुलैत फार्वने परत यायचं म्हटल्यावर तो शब्द मोडला असता तर ड्रेसिंग रूममध्ये जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन किंवा प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांच्या बोलण्याला काय किंमत राहिली असती? तरी ऑगस्टच्या सरावात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती रॉजर्सची. त्याची काहीच चूक नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट त्याच्यासाठीच वाटतं. त्या वर्षी संघ सहा विजय आणि दहा पराभवांवर घसरला, पण फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच रॉजर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

फार्व मात्र संपलेला नव्हता, हेही तितकंच खरं. न्यूयॉर्क जेट्स या दुसऱ्या संघाकडे एक सीझन, फेब्रुवारी २००९ मध्ये दुसरी निवृत्ती, आणि ऑगस्टमध्ये थेट पॅकर्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, मिनेसोटा व्हायकिंग्जकडे. ऑक्टोबरात तो चाळीस वर्षांचा झाला आणि त्या सीझनमध्ये त्याने ३३ टचडाउन पास फेकले, इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास, फक्त सात. पॅकर्सना दोनदा हरवलं, त्यातलं एकदा लॅम्बोवर. 'वय झालं, जा' म्हणणाऱ्यांनी हा सीझन डोळ्यांपुढे ठेवावा.

पण पुढचं वर्षही ठेवावं. ऑगस्ट २०१० मध्ये तो पुन्हा अडखळला, तेव्हा तीन सहकारी विमानाने मिसिसिपीला जाऊन त्याला घेऊन आले. त्या सीझनमध्ये ११ टचडाउन आणि १९ इंटरसेप्शन झाले. डिसेंबरात त्याची सलग २९७ सामन्यांची मालिका तुटली आणि शेवटच्या सामन्यात डोक्याला मार बसून तो बाहेर गेला. ते परत येणं मला आजही खटकतं, कारण त्या वेळी ओढ त्याच्यापेक्षा इतरांना जास्त होती असं दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने आपल्याला पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं. कारण ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. मात्र 'अजून एकच वर्ष' म्हणून गळ घालणाऱ्या चाहत्यांनी, सहकाऱ्यांनी आणि मालकांनी त्या वर्षाचे धक्के कोण सोसणार याचा विचार करायला हवा.

सामने बघायचे असतील तर २४ जानेवारी २०१० चा न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्धचा पूर्ण बघा. घोटा दुखावलेला, वारंवार आपटलेला फार्व २८-२८ अशा बरोबरीत शेवटच्या सेकंदांत उजवीकडे पळतो. पुढे धावायला जागा असताना तो मैदानाच्या मधोमध पास फेकतो आणि ट्रेसी पोर्टर तो अडवतो. व्हायकिंग्ज जादा वेळेत ३१-२८ हरले. त्याआधी जायंट्सविरुद्धच्या सामन्याचा जादा वेळ बघितलात तर दोन्ही पास शेजारी ठेवून तुलना करता येईल.