लॉर्शच्या शुभवर्तमान-ग्रंथाचं हस्तिदंती आवरण पाच तुकड्यांचं का आहे?

जर्मनीतल्या लॉर्श मठाच्या शुभवर्तमान-ग्रंथाचं (म्हणजे बायबलमधल्या, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांच्या हस्तलिखिताचं) लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं हे आवरण अखंड का कोरलं नाही, आणि एका पुस्तकासाठी एवढा थाट कशाला, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं कारण सुळ्यातच आहे. हत्तीचा सुळा मुळाशी पोकळ असतो, टोकाकडे निमुळता होतो, शिवाय वाकडा. हे आवरण जवळपास 38 सेंटीमीटर उंच आणि 27 रुंद आहे. एवढी रुंद, सपाट फळी एका सुळ्यातून निघायची कशी?

पण दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. वर एक आडवी पट्टी, खाली एक, मध्ये तीन उभ्या, ही मांडणी मुळात रोमन सम्राटांची. पॅरिसच्या लूव्रमध्ये सहाव्या शतकातलं 'बार्बेरिनी' हस्तिदंती शिल्प आहे. त्यात मधोमध घोड्यावर बसलेला सम्राट आणि वर दोन देवदूतांनी धरलेल्या वर्तुळात ख्रिस्त. इ.स. 800मध्ये रोममध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला सम्राटाचा मुकुट चढवला गेला, आणि त्याच सुमारास त्याच्या जर्मनीतल्या आखनच्या दरबाराशी निगडित कारागिरांनी हा जुना साचा पुन्हा हाती घेतला. देवदूत आणि वर्तुळातला ख्रिस्त त्यांनी वर तसेच ठेवले. सम्राटाच्या जागी मात्र बाळाला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसलेली मरिया आणली! तिच्या वस्त्राच्या चुण्या अगदी जवळून बघा. एकीला लागून दुसरी अशा बारीक रेषा घोट्यापर्यंत उतरत जातात. तळाच्या पट्टीत येशूचा जन्म आणि मेंढपाळांना मिळालेली वार्ता आहे.

आता थाटाचं. शुभवर्तमान फक्त वाचायचं पुस्तक नव्हतं. उपासनेत ते मिरवत आणत, वेदीवर ठेवत, त्याचं चुंबन घेत. जमलेल्या लोकांना आतली अक्षरं दिसत नसत, दिसायचं ते आवरण.

तुम्ही पाहिलंत ते ग्रंथाच्या एका बाजूचं आवरण. दुसऱ्या बाजूचं व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्यावर सिंह आणि सर्प पायाखाली तुडवणारा ख्रिस्त आहे, बायबलच्या स्तोत्र 91मधला. ग्रंथाचीही फाळणी झाली. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि मार्क रुमानियातल्या आल्बा युलियाला, लूक आणि योहान व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. हा ग्रंथ लॉर्शच्या मठातून जर्मनीतल्याच हायडेलबर्गला गेला होता, आणि सतराव्या शतकात युरोपात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धात, 1622मध्ये हायडेलबर्ग पडल्यावर तिथलं ग्रंथालयच रोमला नेण्यात आलं.