मुंबईत क्राफ्ट बिअरची आवड असलेल्या माणसाचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: रोज पिणं होतं का, घरी बिअर बनवता का, आणि नेहमीच्या बाटलीतल्या बिअरपेक्षा हिच्यात, म्हणजे छोट्या कारखान्यात थोडी-थोडी बनवलेल्या क्राफ्ट बिअरमध्ये, एवढं वेगळं काय असतं. मी दादरला राहतो, अंधेरीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि गेली नऊ-दहा वर्षं मला हा नाद आहे. माझ्यापुरतं सांगतो.

रोज पीत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ, फार तर दोन. एका बैठकीत दोन ग्लास, आणि घरी लोकलने यायचं. मी गाडी घेतलेलीच नाही. बाकीचे दिवस बिअर माझ्याकडे असते ती वाचनात, एका जाड वहीत आणि बरीचशी स्वयंपाकघरात. पिण्यापेक्षा हा भागच मोठा आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला पटकन पटत नाही.

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. लहानपणी रविवारी सकाळी आईबरोबर गोपी टँक मार्केटात मासे आणायला जायचो. काय घ्यायचं हे घरून ठरवून आई कधीच निघाली नाही. मावशींच्या पाटीसमोर उभी राहून ती आधी विचारायची, "आज ताजं काय?" मग कल्ले उघडून बघायची, बोटाने दाबून बघायची, आणि पापलेट मनासारखं नसेल तर मुकाट्याने मांदेली घेऊन घरी यायची. क्राफ्ट बिअरच्या ठिकाणी मी नेमकं हेच करतो. ही बिअर बहुतेक वेळा गाळून पारदर्शक केलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, म्हणजे ती नाशिवंत असते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा, जो संत्र्याच्या सालीसारखा, कधी पिकल्या आंब्यासारखा वास येतो, तो काही आठवड्यांत विरत जातो. ऑक्सिजन शिरला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मे महिन्यात मुंबईत केग, म्हणजे बिअरचं पिंप, तासभर उन्हात राहिला तरी त्याचा परिणाम ग्लासात कळतो. म्हणून मी मेन्यूकार्ड नंतर उघडतो. आधी विचारतो, सगळ्यात अलीकडे कुठली लावली आहे? उलट्या स्वभावाच्या बिअरही असतात. जास्त अल्कोहोलच्या काळ्या स्टाउट वर्ष-दोन वर्षं ठेवल्या तर लोणच्यासारख्या मुरतात. पण आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची इंडिया पेल एल, मुरवायची नसते. ती आज पकडलेल्या माशासारखी आजच संपवायची.

उजेडाचंही तसंच. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि जळक्या रबरासारखा उग्र दर्प येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा नाही. आमच्या प्रयोगशाळेत कितीतरी औषधं तपकिरी बाटल्यांत ठेवतात, कारण हेच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी माझ्याच टेबलावरच्या बाटल्यांकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आता घरी बनवण्याबद्दल. नाही, बनवत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं पाच लिटर का असेना. पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो. बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि मी आजीवन परवाना काढून ठेवला आहे. तुम्हीही काढा, अवघड काही नाही.

पण बिअर होण्याच्या निम्म्या वाटेपर्यंत जायला कुठलाच कायदा आडवा येत नाही, आणि ही निम्मी वाट आपल्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. नाचणीचं सत्त्व कसं करतात आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. जवाला मोड आणून वाळवलं की त्यालाच माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम जागी होतात, ती स्टार्चची साखर करतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग करा. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, चमचा उभा राहील इतकी घट्ट. उतरवून ६५ अंशांपर्यंत निवू द्या. मग मोड आणून उन्हात वाळवलेल्या, अजिबात न भाजलेल्या नाचणीचं दोन चमचे पीठ त्यात ढवळा आणि झाकून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढाल तर पेज पातळ झालेली दिसेल, आणि साखर न घालता गोडसर लागेल. एन्झाइम मरू नयेत म्हणून पीठ भाजायचं नाही आणि पेज उकळती असताना ते घालायचं नाही, एवढंच पथ्य. ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, जे मोठ्या पातेल्यात ६५ ते ६७ अंशांवर तासभर करतो, ते हेच. मी हा प्रयोग आईच्या स्वयंपाकघरात केला तेव्हा ती म्हणाली, "अरे, म्हणून तर बाळाला सत्त्व देतात, पचायला हलकं." मला पुस्तकात कळायला चाळीस वर्षं लागली ते तिला आधीच माहीत होतं. तिला नाव माहीत नव्हतं, इतकंच.

पुढची वाट बिअर करणाऱ्यांची. तो गोड रस गाळून तासभर उकळायचा. उकळी आली की घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले वास देतात. मग थंड करून यीस्ट सोडायचं, ते साखरेचं अल्कोहोल करतं. एल आणि लागर हे बिअरचे दोन मोठे प्रकार. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत खुशीत असतं, लागरचं त्याहून बऱ्याच थंडीत. मुंबईच्या हवेत दोघांनाही वातानुकूलित टाकीच लागते. एका ब्रुअरशी ओळख झाली आणि दोन-तीन शनिवारी सकाळी मला टाक्यांजवळ उभं राहू दिलं. आत शिरल्याशिरल्या हॉर्लिक्सचा वास आला. हॉर्लिक्समध्येही माल्टच असतं, तेव्हा नवल नाही. पण त्या दिवसाचं खरं काम म्हणजे धुणं. टाकी धुवायची, नळ्या धुवायच्या, परत धुवायच्या. जवाचा चोथा पोत्यांत भरून तबेल्याच्या टेंपोत जातो, म्हशी आवडीने खातात. आठ तासांतले सहा तास स्वच्छतेत जातात हे बघितल्यावर त्या ग्लासाची किंमत मला कधी जास्त वाटली नाही.

स्वच्छता राहिली नाही तर काय होतं तेही अनुभवलं आहे. एका नावाजलेल्या ठिकाणी लागरला लोण्याचा वास येत होता, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा. त्या द्रव्याला डायअसिटिल म्हणतात. यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही तर ते मागे राहतं, किंवा टॅपच्या, म्हणजे पिंपातून ग्लासात बिअर आणणाऱ्या, नळ्यांत जिवाणू वाढले तरी तयार होतं. या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायला हव्यात. मी वेटरला हळू आवाजात सांगितलं, त्याने ग्लास बदलून आणला, त्यालाही तोच वास. तिसऱ्यांदा सांगायला संकोच वाटला आणि तसाच पैसे देऊन उठलो. आज असं झालं तर संकोच करणार नाही. शिळा मासा आईने कधी घरी आणला नाही, मग शिळी बिअर मी का पोटात घालावी?

पाण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मुंबईकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपलं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी या तलावांतून येतं. म्हणजे मूळचं पावसाचं, डोंगरावरून आलेलं, क्षार कमी असलेलं पाणी. अशाच मऊ पाण्यामुळे चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरात १८४२ मध्ये पिल्सनर ही सोनेरी लागर जमली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात मात्र जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल करकरीत कडू. मऊ पाण्यात हवे ते क्षार मोजून घालता येतात. जड पाण्यातून ते काढणं कठीण. एक मात्र करावं लागतं: क्लोरिन काढून टाकावं लागतं. ते राहिलं तर माल्टमधल्या फिनॉलशी जुळून दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास येतो.

मुंबईचं नाव बिअरच्या इतिहासात आणखी एका कारणाने येतं. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या प्रवासाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचायची. आयपीए मुद्दाम भारतासाठीच शोधून काढली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती तशी खरी नाही. जास्त हॉप्स घातले की बिअर टिकते हे त्याआधीही माहीत होतं, आणि इथले साधे गोरे सैनिक तर पोर्टर नावाची काळी बिअर पीत. तरीही, ज्या बंदरात ती पिंपं उतरायची त्याच शहरात बसून मी आयपीए पितो, हे मला दर वेळी आठवतं.

आमच्या इथली आताची चळवळ तरुण आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे स्वतःची बिअर बनवणारं ठिकाण सुरू झालं. हे नाव आपल्या देवळालीवरून आलेलं आहे. तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट बघून गोऱ्या सैनिकांचं डोकं फिरायचं, म्हणून त्यांनी वेड्यासाठी तो शब्दच करून टाकला. पुढे ते मुंबईत अंधेरीला आलं. गेटवे ब्रुइंगने डोंबिवलीत बिअर तयार करून शहरभरच्या टॅपवर पोचवली, त्यांची व्हाइट झेन ही गव्हाची बिअर माझ्यासारख्या अनेकांची पहिली. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत ब्रूपब, म्हणजे तिथेच बिअर बनवून विकणारे पब, आले. माझ्या वहीची पहिली पंधरा-वीस पानं या दोन-तीन ठिकाणांनीच भरलेली आहेत.

वहीत तारीख, ठिकाण, प्रकार, रंग लिहितो आणि मग वास, पण आपल्या शब्दांत. इंग्रजी पुस्तकांतले गूसबेरी आणि हनीसकल मला उपयोगाचे नाहीत, मी ते कधी हुंगलेलेच नाहीत. हेफेवाइझन ही गव्हाची जर्मन बिअर मी एकदा ग्रोलर, म्हणजे टॅपवरून भरून घ्यायची मोठी बाटली, भरून घरी आणली. आईने पिण्याचा प्रश्न नव्हता, पण ग्लास नाकाशी नेऊन ती म्हणाली, "शिकरण." अगदी बरोबर. त्या यीस्टमुळे तयार होणारं आयसोअमाइल अॅसिटेट हे केळ्याच्याच वासाचं द्रव्य आहे, आणि जोडीला जो लवंगेचा वास येतो तोही यीस्टचाच. लवंग कोणी घातलेली नसते. माझ्या वहीत त्या दिवसापासून 'शिकरण' ही अधिकृत नोंद आहे. 'धने भाजल्यासारखा', 'कच्च्या कैरीची साल', 'चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा' अशा नोंदी मग आपोआप येत गेल्या.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो गोझमुळे. जर्मनीतल्या लाइपझिगची ही जुनी आंबट गव्हाची बिअर, तिच्यात मीठ आणि धने घालतात. वाचल्यावर वाटलं होतं, बिअरमध्ये मीठ कसं चालेल? मग एका ठिकाणी कोकम घातलेली गोझ मिळाली. आंबट, खारट, धन्याचा वास, गुलाबी रंग. पहिल्या घोटाला मालवणचं कोकम सार आठवलं आणि दुसऱ्या घोटाला कळलं की लाइपझिग आणि मालवण, दोघांनी एकच जोडी शोधून काढली आहे. इथल्या ब्रुअरांनी परदेशी प्रकारांची नुसती हुबेहूब नक्कल करावी असं मला वाटत नाही. हॉप्स बहुतेक बाहेरूनच येतात, आपल्याकडे लाहौलसारख्या थंड खोऱ्यात थोडे होतात, ते ठीक. पण नाचणी आपली आहे, कोकम आपलं आहे, जांभूळ आपलं आहे. मोड आणलेल्या नाचणीची, कोकणातल्या भट्टीत हलकी भाजलेली अशी एक साधी चार टक्क्यांची बिअर कोणी मनापासून केली, तर मी दर आठवड्याला तिकडे जाईन.

तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर मंगळवार-बुधवार गाठा. गर्दी कमी असते, बारमागचा मुलगा बोलायला मोकळा असतो. जेवून जा. चाखायला छोटे ग्लास मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. हलक्यापासून काळ्याकडे जा, आधी कडू आयपीए घेतली तर पुढचं काहीच कळणार नाही. मधे पाणी प्या. एखादी आवडली नाही तर ती तशी का लागते ते विचारा. आंबट असणं तिचा स्वभाव आहे की दोष, हे तिथेच कळतं. मी सध्या जांभळाच्या दिवसांची वाट बघतोय. गेल्या जुलैत एका टॅपवर जांभळाची आंबट बिअर जेमतेम दहा दिवस होती, मी अकराव्या दिवशी पोचलो.