अर्ध्या आयतीवर वही सजवू नका

अस्सलामु अलैकुम ताई. तुम्ही फोंड्याहून लिहिलंय की कुरआनवर मनन व्हावं म्हणून जर्नलिंग सुरू केलं, पानं देखणी झाली, पण आत काही हलत नाही. रोज 'आजची आयत' (कुरआनमधलं एक वचन) म्हणून एक कार्ड येतं, त्यावर लिहून फोटो पाठवायचा ताण येतो. आणि 'अल्लाह कुणावर त्याच्या ताकदीबाहेर ओझं टाकत नाही' या कार्डानं तर जास्तच अपराधी वाटायला लागलं, कारण सासऱ्यांचं आजारपण काढता काढता तुम्ही पार थकून गेला आहात. हे सगळं बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. मी एरवी इथं फक्त वाचते, पण तेच कार्ड एकेकाळी माझ्याकडेही आलं होतं, म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबणार आहे.

आधी एक सांगून ठेवते. मी आलिमा, म्हणजे धर्माचं रीतसर शिक्षण घेतलेली, नाही. माहेर बांद्याकडचं, शाफई. सासर डिचोलीचं, हनफी. या दोन पंथांत धर्माचे काही नियम वेगळे. एकाच गोष्टीवर दोन मतं ऐकायची घरातच सवय झाली आहे. जिथं मसल्याचा, म्हणजे धर्माच्या नियमाचा, प्रश्न येईल तिथं माझं ऐकू नका, तुमच्या मौलानांना विचारा. वही कशी आखायची, कुठले रंग घ्यायचे हे बाकीच्यांनी वर सांगितलंच आहे, त्यात मी पडत नाही.

अम्मी गेल्यानंतर मी एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. नाव लिहीत नाही. फी भरली की घरी डबा यायचा: वही, नक्षीची वॉशी टेप, स्टिकर, सोनेरी पेन आणि कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डावर आयतीचा एक तुकडा, त्याखाली एक प्रश्न, आणि इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) आत पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ओझ्याच्या त्या कार्डाखाली प्रश्न होता, 'तुमची ताकद कशात आहे?' मी पान भरून लिहिलं. कडेनं वेलबुट्टी काढली. सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटलं. आणि रात्री पडल्या पडल्या मनात तेच घोळत राहायचं: अल्लाहनं मला पेलेल तेवढंच दिलंय, तरी मला ते पेलत नाही, म्हणजे माझं ईमानच कच्चं आहे.

हा विचार आयतीत नाही. तो कार्डानं माझ्या मनात घातला. हे कळायला फार वेळ गेला, आणि मधल्या काळात मी कुरआन उघडणंच टाळायला लागले. फी गेली त्याचं मला काही नाही, पण ज्या महिन्यांत मला कुरआनची सगळ्यात जास्त गरज होती तेच महिने गेले.

संस्थेच्या कार्यालयाला मी लिहिलं की या आयतीचा मागचा-पुढचा भाग कार्डावर का नाही? तफसीरमधल्या (आयतींच्या स्पष्टीकरणातल्या) दोन ओळी तरी द्या. उत्तर आलं ते सगळ्यांना जातं तसलं, 'मनापासून सहभागी झाल्याबद्दल धन्यवाद' वगैरे. पुन्हा लिहिलं तेव्हा कळवलं की तफसीर हा स्वतंत्र कोर्स आहे, त्याची फी वेगळी. शेवटी फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, 'सिस्टर, एवढा विचार करू नका, फक्त फील करा.' कुरआनच्या सूरह मुहम्मद या अध्यायात अल्लाह विचारतो की हे लोक कुरआनवर विचार करत नाहीत का, की त्यांच्या दिलांवर कुलपं आहेत? त्याच कुरआनच्या नावानं पैसे घेऊन लोकांना 'विचार करू नका' म्हणून सांगायचं! मला त्याचा आजही राग येतो, आणि तो राग योग्य आहे असं मी मानते.

आमच्या मोहल्ल्यात मुलांना नाजरा (कुरआन बघून वाचणं) शिकवणाऱ्या एक वयस्क आपा आहेत. त्यांच्याकडे मी मन मोकळं केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आयत संपेपर्यंत वाच."

ती सूरह बकराची शेवटची, २८६वी आयत. कार्डावर होता तो तिचा पहिला तुकडा. तिचा बराचसा उरलेला भाग दुआ आहे: आमच्या रब्बा, आम्ही विसरलो किंवा चुकलो तर आम्हाला धरू नकोस. आमच्या आधीच्यांवर टाकलंस तसं ओझं आमच्यावर टाकू नकोस. जे पेलायची आमच्यात ताकद नाही ते आमच्याकडून उचलवू नकोस. आम्हाला माफ कर, बख्श दे, आमच्यावर रहम कर. ताई, ज्या आयतीनं तुम्हाला अपराधी केलं, तीच आयत तुमच्या तोंडी शब्द देते की माझ्यात ताकद नाही. हे अल्लाहला सांगायला तोच शिकवतो आहे.

तफसीर उघडली तर याहून जास्त सापडतं. सहीह मुस्लिम या संग्रहात एक हदीस (नबींच्या काळातल्या प्रसंगाची नोंद) आहे. या आयतीच्या दोन आयती आधी, २८४व्या आयतीत आलं की मनातलं तुम्ही उघड करा किंवा लपवा, अल्लाह त्याचा हिशेब घेईल. हे ऐकून सहाबा (नबींचे सोबती) घाबरले, नबी ﷺ यांच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले की नमाज, रोजा, जिहाद, सदका हे आम्हाला जमेल, पण हे आमच्या ताकदीबाहेरचं आहे. त्यांना सांगितलं गेलं की 'ऐकलं आणि मानलं' असं म्हणा. त्यांनी ते म्हटलं. त्यानंतर या शेवटच्या आयती उतरल्या, आणि दुआच्या एकेका वाक्यावर अल्लाहकडून 'होय' असं उत्तर आलं. म्हणजे 'आम्हाला पेलत नाही' हे आधी सहाबांनी म्हटलं होतं. त्यांच्या ईमानात खोट होती असं कुणी म्हणेल का? एवढा प्रसंग गाळून कार्डावर एक ओळ छापायची आणि खाली 'तुमची ताकद लिहा'? तुमचं ते पान फाडू नका. जिथं लिहिणं थांबलंय त्याच्या खाली उरलेली आयत पूर्ण उतरवा, मग बघा तेच पान कसं वाचलं जातं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: वही चालू ठेवा, कार्डं बंद करा. आयत निवडायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका, आणि तुकडा घ्यायचाच नाही. आपल्याकडच्या छापील कुरआनच्या समासात ع अक्षर असतं ना, ती रुकूची खूण; रुकू म्हणजे सूरहचा एक सलग भाग. त्याच्या वरचा आकडा सूरहमधला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्यात किती आयती ते, आणि खालचा पाऱ्यातला (कुरआनच्या तीस भागांपैकी त्या भागातला) कितवा रुकू ते. मजकूर कुठं सुरू होतो आणि कुठं पुरा होतो याचा हिशेब आपल्या जुन्या लोकांनी आधीच करून ठेवला आहे. बकराच्या या शेवटच्या ع वर ४० आहे, मध्ये ३. तीनच आयती, २८४ ते २८६. वहीसाठी हे माप घेतलं असतं तर मला एवढा त्रासच झाला नसता. कार्डवाल्यांनी तुकडा का पाडला ते त्यांनाच माहीत. चौकटीत बसत नाही म्हणून असेल.

मी कसं करते ते सांगते, तुम्ही असंच करा असं नाही. डाव्या पानावर पेन्सिलीनं रुकूचा सारांश आणि तफसीरमधून मिळालेलं: बोलणं कुणाशी चाललंय, कुठल्या प्रसंगी, आधी काय आलं, पुढे काय येतं. उजवं पान माझं. त्या पानावर रंग सगळ्यात शेवटी, आणि कित्येकदा अजिबात नाही. कळलं नाही ते वहीच्या मागच्या पानांवर प्रश्न म्हणून लिहून ठेवते आणि जाणत्या माणसाला विचारते. स्वतःच्या मनानं अर्थ लावून सजवलेल्या पानापेक्षा प्रश्न लिहून मोकळं ठेवलेलं पान बरं, असं माझं ठाम मत आहे.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणानं सांगते. सूरह मुल्क लहानपणापासून पाठ, रोज रात्री झोपताना म्हणायची. तिचा दुसरा रुकू, आयत १५ ते ३०, वहीत घेतला तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. सुरुवातीला येतं की जमीन तुमच्यासाठी नरम केली, तिच्या वाटांनी फिरा, त्यानं दिलेलं खा. लगेच पुढे येतं की तो तुम्हाला जमिनीत धसवील याची भीती वाटत नाही का? आणि शेवटची आयत विचारते: तुमचं पाणी जमिनीत खोल गेलं तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल? मी डिचोलीत राहते. आमच्या तालुक्यात खाणी भूजलाच्या पातळीखाली खणल्या, खड्ड्यातलं पाणी पंपानं बाहेर काढत राहिले आणि भोवतालच्या गावांतल्या विहिरी आटल्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या सगळ्या काळात मी रोज रात्री ती आयत म्हणत होते आणि सकाळी टँकरची वाट बघत होते, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. त्या दिवशी उजव्या पानावर मी फक्त आमची विहीर काढली, वरून बघितल्यावर दिसते तशी, आणि तिच्या आत ती आयत. रुकूचा पहिला भाग सोडून नुसती शेवटची आयत घेतली असती तर पाण्याची आठवण झाली असती, जमिनीशी आपण कसं वागलो हे सुचलं नसतं.

तुम्ही लिहिलंय की चित्र काढता येत नाही. गरज नाही. सजीवांची चित्रं तर मी काढतच नाही. यावर मतं वेगळी असतील, मी माझं सांगते. सूरह नहलमध्ये मधमाशी येते तिथं मी पोळ्याची षटकोनी घरं काढली. बकराच्या २६१व्या आयतीत एका दाण्यातून सात कणसं आणि दर कणसात शंभर दाणे येतात, तिथं भाताची लोंबी पुरते, ती आपण सगळ्यांनी बघितलेली असते. नक्षी हवी तर तुमच्या फोंड्यातच आहे. सफा मशीद १५६० साली आदिलशाहीत बांधली गेली. तिच्या तळीच्या भिंतींत लहान लहान खण आहेत आणि त्यांवर मेहराबीच्या कमानी आहेत. एक पेन्सिल घेऊन जा, एकच कमान उतरवून आणा. पानाच्या चौकटीला तेवढं पुरे. बाजारातल्या स्टिकरांवर परक्या देशांतल्या मशिदी असतात, त्यांच्याशी आपलं काही नातं नसतं.

भाषेबद्दलही तुम्ही संकोचानं विचारलंय. तुमच्या ग्रुपवर म्हणे इंग्रजीत किंवा उर्दूतच लिहायचं. माझी प्राथमिक शाळा मराठी, हिशेब मराठीत, भांडण मराठीत, आणि अम्मीसाठी दुआ मागताना जे शब्द तोंडी येतात तेही निम्मे मराठी. मी मराठीतच लिहिते. मुहम्मद शफी अन्सारी यांचा मराठी तर्जुमा नेटवर मोफत वाचता येतो. तफसीर मात्र मी उर्दूत इब्न कसीर वाचते, आणि अडलं की आपांना विचारते. हळू होतं. होऊ दे.

फोटोंविषयी माझं मत कडक आहे, आवडलं नाही तर सोडून द्या. पान दाखवायचं ठरलं की हात आपोआप दुसऱ्यांसाठी लिहायला लागतो. अल्लाहपाशी रडायचं ते पान ग्रुपवर जाणार असेल तर तिथं कुणी खरं लिहीत नाही, मीही लिहीत नव्हते. ज्या बायका एकमेकींचा हुरूप वाढवायला फोटो टाकतात त्यांच्या हेतूवर माझा काही आक्षेप नाही. पण तुम्हाला ताण येतोय, मग ग्रुप सोडाच.

आता बारीकसारीक. मुसहफमध्ये, म्हणजे कुरआनच्या प्रतीत, लिहू नका, रंगवू नका, सगळं वेगळ्या वहीत. पाळीच्या दिवसांत काय हाताळावं, काय नाही, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, म्हणून तो प्रश्न मौलानांनाच विचारा. त्या दिवसांत मी जुनी उजवी पानं वाचते आणि प्रश्नांची पानं भरते. सासऱ्यांजवळ बसून लिहायचं असेल तर लहान वही घ्या, मोठी पसरायला जागा नसते आणि मग राहूनच जातं. रोज लिहायचा नियम करू नका. आजारी माणसाची सेवा करताय, तो इबादतीचा वेळ नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

आणि पावसाळा. जुलैत आपल्याकडे वॉटरकलर वाळतच नाही, पानं फुगतात, जेल पेनची शाई मागच्या पानावर उमटते. कागद किमान १०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, घ्या, रंगीत पेन्सिली वापरा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर झाकणाचा घट्ट डबा बघा आणि त्यात बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिकाच्या पुड्या टाकून वही ठेवा. ऊन पडलं की पुड्या वाळवायच्या. माझ्या पहिल्या वहीला बुरशी आली तेव्हा अरबी मजकूर असलेली पानं रद्दीत कशी घालायची हा प्रश्न पडला होता. स्वच्छ कापडात गुंडाळून, पाय पडणार नाही अशा जागी ती पुरतात. काही मशिदींत अशा कागदांसाठी वेगळी पेटी असते, तुमच्या मशिदीत आहे का विचारा.