कॉलम उघडा करून बघितल्याशिवाय ‘राहा’ म्हणू नकोस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. नांदेडच्या त्या चार मजली सोसायटीच्या अध्यक्षांना ‘इमारत राहण्यास सुरक्षित आहे’ असे पत्र हवे आहे. तुझे वरिष्ठ ‘देऊन टाक’ म्हणतात. वरच्या घरांतल्या भिंतींच्या चिरा तुला किरकोळ वाटल्या. मात्र पार्किंगमधल्या कॉलमना खालपासून वरपर्यंत ग्रॅनाइट चढवलेले असल्यामुळे आत काय आहे ते तुला दिसलेच नाही, आणि ग्रॅनाइट फोडू द्यायला अध्यक्ष तयार नाहीत. रहिवासी रोज तुला फोन करून ‘मॅडम, राहायचे ना?’ असे विचारतात आणि तू निरुत्तर होतेस. माझे उत्तर एका ओळीचे आहे. तळमजल्याचा कॉलम उघडा करून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणालाही ‘राहा’ म्हणायचे नाही. पुढचे सगळे पत्र या ओळीसाठीच आहे.

तू लिहितेस की मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे झालेला भूकंप ४.५ चा होता, पुन्हा जुलैमध्ये तेवढाच झाला, आणि एवढ्याशा धक्क्याने काय होते असे सगळे म्हणतात. ते खरे आहे. एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट फरक, हे तुला मी सांगायला नको. पण तुझ्यासमोरचा प्रश्न इमारतीचा आहे, आणि धक्का लहान होता म्हणून कॉलम मजबूत ठरत नाही. किल्लारीचा भाग १९९३ पूर्वीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे तिथे काय झाले, हे तुझ्या आजोळच्या माणसांनी पाहिले आहे; नकाशातल्या रंगावर विसंबून राहणाऱ्यांशी मी फार वेळ वाद घालत नाही.

२६ जानेवारी २००१ रोजी मी अहमदाबादेत होतो. सकाळचे पावणेनऊ वाजत होते, सुट्टीचा दिवस, बरेच लोक घरातच. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ, म्हणजे आमच्यापासून जवळजवळ अडीचशे किलोमीटरवर होते. तरीही शहरातल्या सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या आणि साडेसातशेच्या घरात माणसे गेली. त्यातल्या बहुतेक इमारती साबरमतीच्या पश्चिमेला नव्याने वाढलेल्या वस्त्यांत आणि इकडे मणिनगरच्या बाजूला होत्या, जिथे खाली नदीने आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर आहेत. जुन्या शहरातल्या पोळांमधली, म्हणजे दाट गल्ल्यांच्या वस्त्यांतली, लाकडी सांगाड्याची घरे, ज्यांच्याकडे बघून आम्ही शिकलेली माणसे नाक मुरडत होतो, ती बव्हंशी उभी राहिली.

त्या दिवशी शहरातल्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत बसवलेल्या यंत्राने तळाशी जमिनीचे जे त्वरण नोंदवले, ते गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढे होते. नीट बांधलेल्या इमारतीने एवढे सोसायलाच हवे होते. म्हणजे भूकंपाने आमच्याकडे अवाजवी काही मागितले नव्हते. खाली मोकळे पार्किंग, वरच्या मजल्यांवर विटांच्या भरगच्च भिंती, विटेच्या भिंतीत लपावेत म्हणून नऊ इंच रुंदीचे कॉलम, आणि चटईक्षेत्राच्या नियमातली सवलत घेऊन वरचे मजले बाहेर काढलेले, ज्यांचे कडेचे कॉलम जमिनीपर्यंत पोचतच नव्हते. सगळा भार आणि सगळे हेलकावे सोसायचे ते तळमजल्यावरच्या त्या बारीक कॉलमनी. एकाच इमारतीचा अर्धा भाग पत्त्यापुरताही उरला नाही आणि उरलेला अर्धा तसाच उभा, असेही मी पाहिले. बाहेरून दोन्ही भाग सारखेच दिसत असत. बाहेरून इमारत कशी दिसते याला मी त्या दिवसापासून शून्य किंमत देतो.

धक्का एकदाच बसतो असे ज्याने भूकंप पाहिलेला नाही त्यालाच वाटते. पुढचे कित्येक आठवडे शहर उघड्यावर राहिले. सोसायटीच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या दुभाजकाजवळ, बागांमध्ये खाटा आणि गाद्या आणून लोक झोपत. ज्यांच्याकडे गाडी होती ते गाडीत झोपत. उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचे मांजे अजून झाडांवर लोंबत होते, आणि रात्री थंडी चांगलीच पडत होती. दिवसा लोक धावत वर जात, दार उघडे ठेवून दोन मिनिटांत अंघोळ उरकत, औषधे आणि दूध घेऊन खाली पळत. आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार, अशी अफवा रोज संध्याकाळी कोणीतरी आणत असे, आणि भूकंपाची वेळ सांगता येत नाही हे ठाऊक असलेली शिकलेली माणसेही त्या वेळेला घड्याळाकडे बघत बसत. घरात पाऊल टाकले की नजर आधी पंख्याकडे जाई: हलतो आहे का? नसलेला धक्काही जाणवे. बसल्या जागी खुर्ची सरकल्याचा भास व्हायचा आणि माणसे उठून उभी राहायची.

आणि मग आम्ही इंजिनिअर दिसलो की प्रश्न यायचा: ‘साहेब, उपर जवाय ने?’ वर जाता येईल ना? तुला येतो तोच प्रश्न. विचारणारा माणूस उत्तर मागतच नसतो, त्याला फक्त ‘हो’ ऐकायचे असते. त्याचे लेकरू थंडीत झोपलेले असते, घरात चोरी होईल अशी भीती असते, बायकोला आडोसा हवा असतो. त्या चेहऱ्याकडे बघून ‘हो’ म्हणणे किती सोपे आहे ते मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच सांगतो, चेहऱ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस. कॉलमकडे बघून दे.

उत्तरधक्क्यांविषयी एक गोष्ट नीट समजून घे, कारण इंजिनिअरही यात घोटाळा करतात. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की मोठ्या भूकंपानंतरचे धक्के दिवसागणिक विरळ होत जातात. यातून लोक असा अर्थ काढतात की धक्के लहानही होत जातात. तसे नाही. संख्या घटते, जो येईल तो लहानच असेल अशी हमी मिळत नाही. काठमांडूत २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ च्या भूकंपानंतर लोक हळूहळू घरांत परतू लागले होते, तेव्हा १२ मे रोजी ७.३ चा धक्का आला. आणि इमारत तरी तीच कुठे राहिलेली असते? पहिल्या धक्क्यात तिच्या कॉलमने आपली बरीचशी ताकद खर्च केलेली असते, त्यामुळे दुसरा धक्का निम्म्या जोराचा असला तरी त्याला पुरेसा ठरतो.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगत असे, तुलाही सांगितले असेल. सप्टेंबर २०१० मध्ये तिथे ७.१ चा भूकंप झाला. एका सहा मजली कार्यालयीन इमारतीची त्यानंतर पाहणी झाली आणि ‘वापरास योग्य’ म्हणून तिच्यावर हिरवा कागद चिकटवण्यात आला. २२ फेब्रुवारी २०११ च्या दुपारी, आधीच्यापेक्षा लहान पण शहराच्या अगदी जवळ झालेल्या धक्क्यात ती इमारत खाली बसली आणि तिच्यात ११५ माणसे गेली. त्या शहरातल्या एकूण १८५ बळींपैकी ११५. तुझे अध्यक्ष तुझ्याकडे तोच हिरवा कागद मागत आहेत, हे लक्षात घे.

आता कॉलम उघडा करायचा म्हणजे काय, ते सांगतो. अहमदाबादेत एका चार मजली सोसायटीने मला बोलावले. पार्किंगमधल्या जिन्याजवळच्या कॉलमवर बीमच्या खाली प्लास्टरला केसाएवढी तिरपी चीर होती. समितीचे म्हणणे होते, प्लास्टरच आहे. मी गवंड्याला छिन्नी मारायला लावली. प्लास्टर हातभर सुटून पडले आणि त्यामागे काँक्रीटमध्येही तीच तिरपी चीर, आता बोटाचे नख जाईल एवढी. कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, काढले तेव्हा उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगा दिसल्या: सहा मिलिमीटरच्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, आणि टोके नुसती काटकोनात वाकवलेली. त्यातली एक उघडलेली होती आणि कोपऱ्यातली सळई बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेली होती. रिंगेचे टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रुतवावे, हे आपल्या मानकात १९९३ पासून छापलेले आहे. तसे केलेले नसेल तर कव्हर निखळताच रिंग उघडते आणि दोरी सुटलेल्या मोळीतली लाकडे फाकावीत तशा सळया फाकतात. बाहेरून काय दिसत होते? केसाएवढी चीर. तुझ्या कॉलमवर तर ग्रॅनाइट आहे, केसाएवढी चीरही तुला दिसणार नाही, आणि तू मला विचारतेस की फोटो आणि जुने नकाशे बघून पत्र देता येईल का. नाही देता येणार. नकाशात रिंगा नेहमी नीटच असतात.

मी त्या समितीला सांगितले की कोणीही वर राहायचे नाही. ते लोक अनेक रात्री बाहेर राहिले. त्यांच्यात मूळचे साताऱ्याकडचे एक आजोबा होते, गिरणीतून निवृत्त झालेले, दम्याचा त्रास असलेले. मराठी बोलणारा भेटला म्हणून ते मला जवळ बसवून घेत. कोयनेच्या भूकंपानंतर, १९६७ च्या डिसेंबरात, आम्हीही बाहेरच झोपलो होतो, असे ते सांगत. ‘पण तेव्हा आम्हाला अंगण होते हो,’ असेही म्हणत. त्यांना थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि ते रुग्णालयात गेले ते परत आले नाहीत. त्यांचा मुलगा नंतर मला भेटला तेव्हा इमारतीकडे बोट दाखवून एवढेच म्हणाला, ‘उभी आहे अजून.’

ती आजही उभी आहे. पुढे तिच्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने मजबुतीचे वेष्टन, केले गेले, लोक परत राहायला गेले. त्या मुलाचे वाक्य मी विसरलेलो नाही, आणि तरीही मी तुला सांगतो की माझा नकार बरोबर होता. इमारत पडली नाही म्हणून नकार चुकीचा ठरत नाही. त्या काळात आलेल्या धक्क्यांपैकी एखादा थोडा जवळचा, थोडा मोठा असता तर उघडलेल्या रिंगेचा तो कॉलम टिकला नसता, हे मी आकडेमोड करून सिद्ध करू शकतो आणि केलेलेही आहे. ते कागद माझ्या कपाटात आहेत. मला काय माहीत होते यावरून माझा निर्णय तपासा, नंतर काय घडले यावरून तपासू नका, असे मी त्या मुलाला म्हणायला हवे होते की नव्हते, यावर मी पुष्कळ विचार केला. बाप गेलेल्या माणसाशी असे बोलता येत नाही. तुला लिहिता येते, म्हणून लिहितो.

खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. एखाद्या एकमजली, सुस्थितीतल्या घरात आजोबांना हलवण्याची सोय तेव्हा माझ्या हातात नव्हती; आम्हा मोजक्या माणसांकडे रोज नव्या इमारतींच्या चिठ्ठ्या येत होत्या. तू मात्र नकार देण्याच्या आधी विचारून ठेव: या सोसायटीत म्हातारी माणसे किती, आजारी कोण, आणि जवळपास कोणाचे बैठे घर रिकामे आहे का. नकार दिल्यावर निघून जायचे नसते.

तू पत्रात विचारले आहेस, ‘सर, सगळेच देतात, मग मीच का अडवू?’ हे वाक्य वाचून मला राग आला, तो लपवत नाही. सगळे देतात म्हणूनच अहमदाबादेत सत्तर इमारती पडल्या. त्या प्रत्येक इमारतीच्या फाइलमध्ये कोणाची तरी सही होती, आणि सही करणाऱ्यांपैकी बहुतेक तुझ्यासारखीच सज्जन, घाईत असलेली, वरिष्ठांना न दुखावणारी माणसे होती. नोकरीची भीती मला कळते. तुझे वय, घरची जबाबदारी, सगळे कळते. नोकरी गेली तर मला कळव, मी चार ठिकाणी बोलेन. पण कॉलम उघडा करून बघितल्याशिवाय ‘राहा’ म्हणायचे नाही, यात मी तुला एका इंचाचीही सवलत देणार नाही.

आता काम. अध्यक्षांना लेखी कळव की पार्किंगमधले निदान तीन कॉलम उघडे केल्याशिवाय तू मत देणार नाहीस: एक कोपऱ्यातला, एक जिन्याजवळचा आणि एक तो, ज्याच्या शेजारची भिंत कोणीतरी गाडी लावण्यासाठी पाडली आहे. ग्रॅनाइट बीमच्या खाली दोन फूट आणि फरशीच्या वर दोन फूट एवढेच काढायचे आहे, पूर्ण नाही, असे सांगितलेस तर त्यांचा विरोध मावळेल. काढल्यावर आधी हातोडीने टकटक करून ऐक, पोकळ वाजते का. ओळंबा लावून बघ. मग एका कोपऱ्यात कव्हर काढून रिंगांमधले अंतर टेपने मोज आणि टोकाचा बाक बघ. जी चीर संशयास्पद वाटेल तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका आडवा लावून त्यावर तारीख लिही. पुढच्या हादऱ्यानंतर ठिपका तडकला, तर चीर वाढते आहे हे रहिवाशांनाही दिसेल आणि तुला वाद घालावा लागणार नाही. कव्हर काढलेला भाग त्याच दिवशी चांगल्या मॉर्टरने बंद करून घे, सळया उघड्या ठेवू नकोस.

गवंडी अनुभवी घे, ब्रेकर लावू देऊ नकोस, छिन्नी-हातोडीच हवी. त्याची मजुरी आणि ग्रॅनाइट पुन्हा बसवण्याचा खर्च सोसायटीने द्यायचा आहे, हे आधीच कागदावर घे. मोजमापे आणि फोटो मला पाठव, टेप फोटोत दिसू दे.

तुझा,
सर